गाडीतळावरचा फलक

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लिहिलेला मजकूर नऊ दगडांवर कोरला गेला. त्यांपैकी एक खोटा आहे.

एका दैनिकाच्या यवतमाळ कार्यालयात मी तीस वर्षे उपसंपादक होतो. उपसंपादक काय करतो हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. बातमीदार बातमी आणतो. उपसंपादक ती तपासतो, कापतो, तिला मथळा देतो आणि पानात बसवतो. त्याचे नाव कुठेही छापून येत नाही. चूक झाली की ती कोणाच्या हातून गेली हे मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्या कार्यालयाला माहीत असते. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर लोकांना मोठ्या बातम्यांच्या आठवणी अपेक्षित असतात. माझ्याकडे त्या आहेत, पण माझी झोप त्यांपैकी एकीनेही उडवलेली नाही. म्हणून नोकरीच्या कडेकडेने केलेल्या या फलकांच्या कामाबद्दल लिहितो.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी त्या गावच्या नगरपरिषदेने ठरवले, की गावातल्या जुन्या संस्था आणि माणसे यांचे फलक लावायचे. गावाचे नाव लिहीत नाही; यातली बरीच माणसे अजून तिथेच राहतात. वाचनालय, मुलींची पहिली शाळा, पहिले जिनिंग, जंगल सत्याग्रहात तुरुंगात गेलेले लोक, कापसाच्या बैलगाड्या थांबायच्या तो गाडीतळ, अशी नऊ ठिकाणे निघाली. मजकूर कोणी लिहायचा यावर वाद झाला. गावातल्या कोणी लिहिला तर दुसरा नाराज होणार. म्हणून बाहेरचा माणूस शोधला आणि मी सापडलो.

फलक लिहिणे बातमीपेक्षा अवघड असते. साठेक शब्दांत कोण, काय, कुठे आणि कशासाठी हे सांगून संपवायचे. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, दगड जात नाही. म्हणून मी दोन नियम केले. विशेषण लिहायचे नाही, आणि दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय एकही वाक्य लिहायचे नाही. नगराध्यक्षांना पहिला नियम रुचला नाही.

"सर, नुसतं नाव लिहिता? मागं थोर तरी लावा."

"थोर होते हे वाचणाऱ्याला त्यांच्या कामावरून कळेल."

"अन् नाई कळलं तर? त्याहीचा नातू माह्या पॅनलमध्ये हाय."

थोर लागले नाही. नातू पुढे दुसऱ्या पॅनलमध्ये गेला, त्याचे खापर बराच काळ माझ्यावर फुटत होते.

राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडणाऱ्या सत्याग्रहींच्या यादीत सात नावे होती. त्यांतले सहा वारलेले, सातवे गणपतबाबा हयात होते. नव्वदीच्या पुढचे. त्यांना यादी वाचून दाखवायला मी त्यांच्या ओसरीवर गेलो. ते सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "माह्यं नाव काढा त्यातून."

"का, बाबा?"

"मी गवत कापाले नाई गेलतो जी. बैल हरवला होता माहा, त्याले पाहाले जंगलात गेलतो. पोलिसानं समद्याइले धरलं, मलेबी धरलं. तीन महिने सरकारची भाकर खाल्ली."

"सुटून आल्यावर कोणाला सांगितलं नाही?"

"वेशीवर हार घातला न बाप्पा. हार घातल्यावर कसं सांगू?"

"आणि बैल?"

"बैल त्याच दिवशी घरी आल्ता. मीच नाई आलो."

मी त्यांचे नाव काढले. फलकावर नाव असावे म्हणून माझ्याकडे आलेली माणसे पुष्कळ. नाव नको म्हणणारे तेवढे एकच. कार्यालयात ही गोष्ट मी अनेकदा सांगितली आणि दर वेळी हशा मिळवला. गणपतबाबांनी जे सांगितले त्याला दुसरा पुरावा नव्हता, आणि मी मागितलाही नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. ती पुढे आली.

गाडीतळाचा मजकूर असा होता: "कापूस घेऊन येणाऱ्या गाडीवानांच्या व बैलांच्या पाण्यासाठी शेठ गुलाबदास यांनी ही विहीर व हौद बांधून दिला." माझी दोन ठिकाणे पक्की होती. एक, बाजाराची जुनी स्मरणिका, जिच्यात हे वाक्य जवळपास असेच छापलेले होते. दुसरे, गुलाबदासांचे नातू. ते सभ्य गृहस्थ होते. "आमच्या घरात असंच सांगतात," असे ते म्हणाले. स्मरणिकेतला तो लेख त्यांच्या वडिलांनी लिहिलेला होता, हे मला माहीत होते. एकाच घरातून दोनदा आलेली माहिती मी दोन म्हणून मोजली. असे उमेदवार बातमीदाराने केले असते तर मी त्याला बातमी परत केली असती.

दगड कोरायचे काम गफूरभाई मिस्त्री यांच्याकडे होते. यवतमाळात दारव्हा रोडला त्यांचे पत्र्याचे शेड. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचा, खाली कार्बन ठेवून दगडावर उतरवायचा आणि मग छिन्नीने एकेक अक्षर खोल करत जायचे. जोडाक्षराच्या सांध्यात टवका उडतो, म्हणून गफूरभाई मजकूर हातात घेतला की आधी जोडाक्षरे मोजायचे. "भाऊ, याच्यात स्वातंत्र्य पाच डाव हाय. दोन काढा," असे सांगायचे. मी काढायचो. माझ्या लेखनाचा एवढा कडक संपादक मला कार्यालयातही मिळाला नाही.

कार्यक्रम चार दिवसांवर आला आणि उरलेले नवे दगड आलेच नाहीत. नगरपरिषदेच्या ओव्हरसियरने आवारात पडलेले जुने दगड ट्रॅक्टरमधून पाठवून दिले. मी शेवटचे कागद द्यायला शेडमध्ये गेलो होतो. गफूरभाई एका काळ्या दगडावर हात फिरवत म्हणाले, "भाऊ, याच्यावर जुनं लिहेल हाय. घिसून टाकू?"

"किती वेळ लागेल?"

"एका दगडाले पुरा दिवस जाते."

"मग राहू द्या. उलटा करून मागच्या बाजूला कोरा. आम्ही रोज तेच करतो."

ते खरेच होते. वृत्तसंस्थेच्या बातम्या आमच्याकडे ढिगाने कागदांवर छापून येत. वापरून झालेल्या कागदाची मागची बाजू कोरी असते, आम्ही तिच्यावर लिहायचो. मथळे, पानाचे आराखडे, रजेचे अर्ज, सगळे पाठकोऱ्या कागदावर. समोरच्या बाजूला काय छापले आहे हे कोणी पाहत नसे. ती बातमी होऊन गेलेली असायची. गफूरभाई हसले, मीही हसलो. दगडावर काय लिहिले आहे हे मी वाचले नाही. मी त्याच्यापासून चार पावलांवर उभा होतो.

फलक लागले. गाडीतळाच्या दारावरच्या कमानीत तो काळा दगड सिमेंटने पक्का बसवला. मला शाल मिळाली.

पुढच्या काही वर्षांत कापसाचे दिवस फिरले. आमच्या कार्यालयात रोज सकाळी तालुक्यांतून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे फोन येऊ लागले. नाव, वय, गाव. या तीन गोष्टींशिवाय मी बातमी घेत नसे. मुंबई-दिल्लीचे पत्रकार यायचे, आमच्याच टेबलावर बसून आमच्याकडून गावांची नावे लिहून घ्यायचे आणि मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या रस्त्याला लागायचे. त्या वर्षांत मी कोणाचेही नाव चुकीचे जाऊ दिले नाही, एवढे खात्रीने सांगतो. ही खात्री सांगतानाच पुढचे सांगावे लागते.

खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची ती दोन दोन, तीन तीन दिवस हलत नसे. गाडीवान गाडी सोडून जाऊ शकत नसत. त्या गावात या रांगेचे शेपूट गाडीतळापर्यंत यायचे. तिथे विहिरीला लागून दोन खोल्या होत्या आणि त्यांत लीलाबाई नावाची साठीची बाई राहत होती. ती विहिरीचे पाणी ओढून हौद भरायची, रांजण भरायची, आणि गाडीवानांना भाकरी करून द्यायची. आमच्या बातमीदाराने रांगेच्या बातम्यांत तिचा उल्लेख कधी केला नव्हता. पाणी मिळत होते. पाणी मिळते ही बातमी नसते.

एका दुपारी ती आमच्या कार्यालयात आली. पहिल्यांदा पाण्याचा ग्लास मागितला, तो उभ्यानेच प्यायली आणि माझ्या टेबलासमोर येऊन विचारले, "गाडीतळाच्या दारावर लिहिलं थे तुमीच का?"

"हो."

"मंग तुमीच दुरुस्त करा. थे खोटं हाय."

मी तिला बसायला सांगितले. ती बसली. विहीर तिच्या आजीने बांधली, असे तिचे म्हणणे होते. आजीचे नाव मैनाबाई. तरुणपणी विधवा झालेली, जिनात सरकी वेचायची, मग गाडीतळावर भाकरी करून विकू लागली. "गुलाबदासशेठनं हौदावर टिनं टाकले. थेबी एका बाजूनं. पाणी माह्या आजीचं हाय."

"काही कागद आहे?"

"कागद नाई जी. दगड होता. हौदाच्या अंगाले उभा होता. मले शाळेत कोनी धाडलं नाई. म्या त्या दगडावर बोट फिरवून फिरवून अक्षरं शिकली."

"मग तो दगड कुठे आहे?"

"हौदाची दुरुस्ती केली तवा नगरपरिषदेच्या लोकाइनं उखडून नेला. मंग दारावर तुमचा लावला."

आज हे वाचणाऱ्याला लगेच दिसेल. मला दिसले नाही. गफूरभाईंच्या शेडमधले ते दोन मिनिटांचे बोलणे कधीच मागे पडले होते. मी विचारले, "काय लिहिलं होतं त्याच्यावर?"

"मैनाबाईचं नाव होतं. अन् शेवटी होतं, तीस कोनी उठवू नये. मधलं इसरली मी."

मग तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ती नगरपरिषदेची नोटीस होती. गाडीतळाच्या जागी व्यापारी संकुल होणार होते. गुलाबदासांच्या वारसांची संमती मिळालेली होती आणि लीलाबाईच्या दोन खोल्या अतिक्रमण ठरल्या होत्या. नोटिशीत एक वाक्य होते: "सदर विहीर व हौद शेठ गुलाबदास यांनी बांधून दिलेला असल्याचे प्रवेशद्वारावरील फलकावरून दिसून येते."

ते माझे वाक्य होते. शब्दांचा क्रमसुद्धा तोच होता. मी ते लोकांनी येता-जाता वाचावे म्हणून लिहिले होते. त्याच्या आधाराने कोणाला घराबाहेर काढता येईल, हे माझ्या मनात कधीही आले नव्हते. मी मुख्याधिकाऱ्यांना तिच्यासमोरच फोन लावला.

"साहेब, या बाईचं म्हणणं एकदा ऐकून घ्या. फलकावरचं वाक्य तपासावं लागेल."

"काय तपासायचं, सर? फलकावर स्पष्ट आहे."

"फलक मी लिहिला आहे."

"म्हणूनच तर आम्ही ग्राह्य धरला."

मी फोन ठेवला. तिला म्हणालो, "लीलाबाई, तुम्ही सांगता ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण काहीतरी लेखी आणा. मग मी छापतो."

"दगडावर लिहेल होतं, थे लेखी नाई का?"

"तो दगड तर नाही ना."

"बरं," ती उठत म्हणाली, "तुमचा दगड खरा. आमचा दगड खोटा."

ती जिना उतरून गेली. फोन वाजत होता, उमरखेडहून एक नाव, वय आणि गाव येत होते. ते मी नीट लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी गेली: गाडीतळाच्या जागेवर संकुल होणार, तेथील अतिक्रमण काढण्यास एका महिलेचा विरोध. नाव, वय आणि गाव हा माझा नियम मी तिच्यासाठी पाळला नाही. तिने स्वतः येऊन नाव सांगितले होते आणि मी "एक महिला" असे लिहिले.

खोल्या पाडल्या तेव्हा मी तिथे नव्हतो. बातमीदाराने सांगितले, की विहीर बुजवायला दिवसभर मुरूम पडत होता आणि लीलाबाई भांडीकुंडी घेऊन घाटंजीला भाचीकडे गेली. रांगेतल्या गाडीवानांनी त्या दिवशी पाणी कुठून आणले, हे मी विचारले नाही.

वर्षभराने गफूरभाईंचा फोन आला. "भाऊ, शेडवर या. आपला दगड परत आला."

मी जेवणाच्या सुट्टीत गेलो. गाडीतळाची कमान पाडताना दगड शाबूत निघाला होता. आता संकुलाच्या उद्घाटनाचा फलक त्याच्यावरच करायचा होता. दगड दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा होता, माझी बाजू खाली आणि भिंतीकडची बाजू वर. ज्या सिमेंटने दगड कमानीत बसवला होता, ते जुन्या अक्षरांत भरून तिथेच वाळले होते. गफूरभाईंनी वरवरचा थर खरवडून काढला होता, अक्षरांतला तसाच राहिला होता. काळ्या दगडावर प्रत्येक अक्षर पांढरे उमटले होते. माझ्या बाजूच्या अक्षरांना रंग दिलेला होता, तो एव्हाना उडाला होता.

मजकूर हा:

"ही विहीर व हौद मैनाबाई भ्रतार कोंडबा यांणी स्वकष्टाचे मिळकतीतून गाडीवान व बैल यांचे पाण्याकरितां बांधिला. आमचे वंशातील जी बाई येथें पाणी देईल तिणें येथील दोन खोल्यांत राहावें. तीस कोणी उठवूं नये."

मी तो तीन वेळा वाचला. प्रूफ तीनदा वाचायची सवय असते. तिन्ही वेळा तो तसाच होता.  गफूरभाईंनी बसायला रिकामा डबा पुढे सरकवला. चार इंच जाडीचा दगड. एका बाजूला माझे वाक्य, दुसऱ्या बाजूला हे. लीलाबाई इतकी वर्षे भरलेली घागर डोक्यावर घेऊन त्याच दारातून जात-येत होती, आणि तिला घरात ठेवणारे वाक्य तिच्या डोक्यावर हातभर उंचीवर भिंतीकडे तोंड करून होते. मी तिला लेखी आणायला सांगितले होते.

"तुम्हाला माहीत होतं, गफूरभाई?"

"बाईचं नाव हाय एवढं पाह्यलं होतं. तुमाले इचारलं न. तुमी म्हटलं, उलटा करा."

आठवत नाही, असे म्हणावेसे वाटले. आठवत होते. माझे शब्द, त्यांचे हसणे, सगळे. त्या दिवशी मी घासायला सांगितले असते तर हा मजकूर उरला नसता. तो वाचला तो माझ्या घाईमुळे, आणि दडपला गेला तोही माझ्या घाईमुळेच.

 मग गफूरभाईंनी कामाचे विचारले. "भाऊ, एक बाजू घिसाची हाय. उद्घाटनवाल्याइचे नावं टाकाचे. कोनती घिसू?"

"कोणतीच नाही," मी म्हणालो. "त्यांना नवा दगड द्या. हा माझा."

नगरपरिषदेला चकचकीत नवा ग्रॅनाइट मिळाला, त्यामुळे जुन्या दगडाची चौकशी कोणी केली नाही. मी सगळी हकीकत लिहून छापली, माझ्या चुकीसह आणि या वेळी लीलाबाईच्या नावासह. नगरपरिषदेने चौकशी करू असे कळवले. तोपर्यंत संकुलाचे उद्घाटनही होऊन गेले होते. वर्तमानपत्रात चुकीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी तीन ओळींत होते. बुजवलेल्या विहिरीची कशी करतात, हे आमच्या धंद्यात कोणी शिकवलेले नाही.

गफूरभाईंनी अक्षरांतले सिमेंट टोकरून काढल्यावर दगडावर कागद ठेवून मी पेन्सिलीने घासून मजकुराचा छाप उतरवला आणि तो घेऊन घाटंजीला गेलो. त्या दिवशी आठवडी बाजार होता. भाचीचे घर बाजाराच्या रस्त्यावरच होते. दारापुढे कडुनिंबाखाली दोन रांजण मांडलेले, शेजारी पाटावर लीलाबाई. बाजाराला आलेल्या मजूर बाया ओंजळ पुढे करत होत्या आणि ती लोट्याने पाणी घालत होती. तिने मला ओळखले.

"काहून आले, पत्रकारभाऊ? कागद पाह्यजे का?"

"मी आणला आहे," मी म्हणालो आणि तो छाप तिच्या हातात दिला.

तिने ओले हात लुगड्याला पुसले. बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचू लागली. 'मैनाबाई' वर बोट बराच वेळ थांबले. शेवटच्या ओळीला ती ओठ हलवत होती, पण कागदाकडे पाहत नव्हती.  वाचून झाल्यावर तिने कागद उलटा केला आणि ती मागची बाजू पाहू लागली.

छाप मी सवयीने वृत्तसंस्थेच्या पाठकोऱ्या कागदावरच घेतला होता.

"हे काय हाय मागं?"

"काही नाही. जुनी बातमी."

"कोनाची?"

मला माहीत नव्हते. मी कागद हातात घेऊन वाचला. हमीभावाच्या मागणीसाठी कुठल्या तरी गावात कापूस जाळला, त्याची ती बातमी होती. तिला वाचून दाखवली. तिने मान हलवली.

"पाहून घेत जा, भाऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. "कुठी होता दगड?"

मी सांगितले. दारावर, तुमच्या डोक्यावर, उलटा. कोणी उलटा केला तेही सांगितले. एक बाई ओंजळ धरून उभी होती. लीलाबाईने आधी तिला पाणी घातले, मग माझ्याकडे पाहिले.

"म्हंजे म्या सांगत होती तवा तुमाले माहीत होतं?"

"नाही. विसरलो होतो."

"बरं झालं सांगतलं," ती म्हणाली आणि लोटा रांजणात बुडवला.

दगड घाटंजीला नेण्याचे तिनेच ठरवले. तिथे तिची विहीर नाही, जागा नाही, दोन खोल्या नाहीत. फलकावरचे एकही वाक्य तिथे लागू पडत नाही. हे मी बोलून दाखवले. "पाणी तं देऊनच राह्यली न मी," ती म्हणाली. दगड बसवायला घाटंजीला आलेल्या गफूरभाईंनी विचारले, की मागचा मजकूर घासून टाकू का? मागचा म्हणजे आता माझा. लीलाबाईने नको म्हटले. "राहू द्या. भिंतीत नका बसवू. उभाच ठेवा. दोन्हीकून दिसला पाह्यजे."

तो दगड रांजणांच्या शेजारी मातीत उभा आहे. पुढून आजीचे नाव, मागून शेठचे. लीलाबाई गेल्यावर आता भाची पाणी देते. मध्यंतरी गेलो तेव्हा माझ्या बाजूला टेकून कोणी सायकल लावली होती.

गफूरभाईंनी आता काम सोडले आहे. हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्यांच्या घरी गेलो आणि विचारले, की त्या वेळच्या नऊ दगडांपैकी उलटे करून कोरलेले किती होते? ते खाटेवर बसून होते. बोटे मोजायला लागले, मध्येच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"पाच," ते म्हणाले. "चार तं नक्की."

"कोणते? आणि काय लिहिलं होतं?"

"आता कसं आठवंन, भाऊ. तुमी घाई केली होती."

बाकीचे आठही फलक त्या गावात जागच्या जागी आहेत. ते भिंतीतून काढून पाहू द्यावेत, असा अर्ज मी नगरपरिषदेला केला. फलक सुस्थितीत असून मजकूर सुवाच्य आहे, सबब काढण्याची आवश्यकता नाही, असे उत्तर आले.

लेखाच्या सुरुवातीला मी लिहिले, की त्या नऊपैकी एक खोटा आहे. त्या वाक्याची दुरुस्ती करतो. एक खोटा आहे, एवढे मला माहीत आहे.